एस. डुक्रे कोण? एका गायब लेखकासाठी वापरलेल्या साइट्सचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी संशोधक वगैरे कोणी नाही. बँकेतून रिटायर झालोय आणि माझ्याकडे रिकामा वेळ आहे हे घरात सगळ्यांना माहितीये, म्हणून असली कामं माझ्या गळ्यात पडतात. भाची पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करतेय, तिच्या प्रोजेक्टमध्ये मूळ संख्या आणि प्रॉबॅबिलिटी असं काहीतरी आहे आणि कुठल्यातरी झेरॉक्सच्या शेवटच्या पानावर तिला एक संदर्भ सापडला. लेखक एस. डुक्रे, पेपरचं नाव ‘प्रॉबॅबिलिटी अँड प्राइम नंबर्स’, साल १९६४. फोनवर म्हणते, "मामा, हे डुकरे कोण ते शोध ना, विदर्भातले असतील तर मावशीच्या सासरकडून ओळख निघेल." स्पेलिंग विचारलं तर डी-यू-सी-आर-ए-वाय. म्हटलं अगं हे डुकरे नाहीत, हे कोणीतरी फ्रेंच गृहस्थ दिसतायत.

तर त्यानंतर मी साधारण आठ दिवस जे काही वापरलं त्याचा हा हिशोब. जुन्या लेखकांच्या मागे लागलेल्या कोणाला तरी उपयोग होईल.

साधा सर्च: नाव टाकलं आणि समोर शॅम्पू. खरंच सांगतो. त्या नावाचा केस आणि त्वचेच्या प्रॉडक्ट्सचा एक फ्रेंच ब्रँड आहे, केसगळतीवरचं पण काय काय मिळतं त्यांच्याकडे, तर पानंच्या पानं तेच. बायको मागून बघत होती, म्हणाली कॉम्प्युटरला बरोबर कळलंय तुम्हाला काय हवंय ते. नावाच्या आधी ‘मॅथेमॅटिक्स’ लावलं तर शॅम्पू कमी झाला, माणूस काही आला नाही. दोन स्टार, कारण फुकट आहे.

मग संशोधकांच्या प्रोफाइल असतात तशी एक प्रसिद्ध साइट, नाव घेत नाही. आत जायला अकाउंट काढा, मग तुमची संस्था कुठली, विषय कुठला, मी आपलं ‘बँकिंग’ लिहिलं. एकही कामाचा रिझल्ट नाही आणि दुसऱ्या दिवसापासून मेल सुरू, की हा पेपर तुम्ही लिहिलाय का? एकदा वाटलं ‘हो’ दाबावं, निदान लेखक तरी सापडेल. एक स्टार.

ऑर्किडबद्दल भाचीनी सांगितलं. फूल नाही, संशोधकांना १६ आकडी नंबर देतात ते ऑर्किड. कल्पना मस्त आहे, आधार कार्डच म्हणा ना, एका नावाचे दहा कुलकर्णी असले तरी नंबर वेगळा. पण हे सुरू झालं २०१२ साली आणि नंबर ज्याचा त्यानी स्वतः काढायचा असतो. १९६४ साली पेपर लिहिणारा माणूस आता येऊन रजिस्टर थोडीच करणार आहे. जिवंत लेखकासाठी चार स्टार, आपल्या कामाला शून्य, यात त्यांची चूक काही नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहायला बसलो ती साइट, झेडबीमॅथ ओपन. जर्मनीतली गणिताच्या पेपर्सची सूची आहे, १९३१ मध्ये सुरू झालेलं ‘झेंट्रालब्लाट’ म्हणजेच हे, आणि मागची नोंद पार १८६८ पर्यंत जाते. पूर्वी पैसे भरावे लागायचे, जानेवारी २०२१ पासून सगळ्यांना फुकट. लॉगिन नाही, मेल नाही, ‘हा पेपर तुमचा का’ नाही. दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखी आहे पण माझ्यासारख्याला तेच बरं पडतं, लेखकाचा खाना वेगळा, जर्नलचा वेगळा, सालाचा वेगळा. पेपरचं नाव आणि साल टाकलं आणि आलं की समोर! प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, १९६४. म्हणजे बंगळूरचं मासिक. तिथून मुंबई युनिव्हर्सिटीच्या जर्नलचा पण माग लागला, त्याच्या एक-दोन वर्षं आधीचा, लेखक हेच एस. डुक्रे.

इथे माझी बँकेची नोकरी कामी आली बघा. हा माणूस १९६२ च्या आधी कुठेच नाही. नंतर दोन-तीन वर्षांत चारदोन पेपर, सगळे मूळ संख्यांच्या आसपासचे, आणि मग एकदम गायब. फ्रेंच नाव आणि पेपर मात्र मुंबई आणि बंगळूरला. कुठल्या कॉलेजात शिकला, कोणाचा विद्यार्थी, काही नाही. एखादं खातं असं अचानक उघडलं, दोन-तीन वर्षं व्यवहार झाले आणि बंद पडलं, तर आम्ही पहिलं काय म्हणायचो? केवायसी आणा. म्हटलं हे बेनामी खातं आहे, खरा मालक दुसरा कोणीतरी आहे.

मग नाव सोडून दिलं आणि विषय धरला. तीच वर्षं, मूळ संख्या, प्रॉबॅबिलिटी, आणि पत्ता भारतातला. १९६३ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या प्रोसीडिंग्जमध्ये ‘द सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन ऑफ प्राइम्स’ नावाचा पेपर आहे, लेखक डी. डी. कोसंबी. मी खुर्चीतून उठलोच. कोसंबी म्हणजे आपले ते इतिहासवाले, नाणीवाले, डेक्कन क्वीननी रोज पुण्याहून मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (ती फंडामेंटल रिसर्चवाली) जाणारे! मूळचे ते गणिताचेच, पण आपल्याकडे ते लक्षात राहत नाही. आनुवंशिकतेच्या पुस्तकात ‘कोसंबी मॅप फंक्शन’ (जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र) असतं ते पण यांचंच, १९४४ चं.

आता तर्क आणि पुरावा यात फरक असतो. पुरावा मिळाला तो पुस्तकात, इंटरनेटवर नाही. २०१६ साली स्प्रिंगरनी कोसंबींचे गणिताचे निवडक लेख काढलेत, रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेले, त्यात स्वच्छ आहे की एस. डुक्रे हे कोसंबींचं टोपणनाव. टोपणनाव घ्यायची वेळ का आली असावी याचा अंदाज येतो. १९५९ मध्ये त्यांनी कृषी सांख्यिकीच्या एका भारतीय जर्नलमध्ये रीमान हायपोथेसिसवर (मूळ संख्यांशी जोडलेलं गणितातलं एक प्रसिद्ध कोडं) दावा करणारा पेपर छापला होता, तो प्रश्न आजसुद्धा सुटलेला नाहीये, तर तेव्हा काय झालं असेल बघा. १९६२ ला टाटा इन्स्टिट्यूट पण सुटली. नंतर त्याच विषयावर त्याच नावानी लिहिलं तर लोक आधी नाव बघून हसणार. हा माझा अंदाज हां, पुस्तकातला नाही.

सगळ्यात मजेचा भाग पुढेच आहे. १९३१ च्या सुमारास हेच कोसंबी अलिगढला होते, तिथे आंद्रे वेइ नावाचा फ्रेंच गणिती होता, आणि त्याच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक पेपर लिहिला, ‘ऑन अ जनरलायझेशन ऑफ द सेकंड थिअरम ऑफ बूर्बाकी’. बूर्बाकी कोण, तर डी. बूर्बाकी नावाचा एक रशियन गणिती, क्रांतीच्या वेळी विषप्रयोग होऊन मेलेला. असा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता, ती शुद्ध चेष्टा होती! पुढे काही वर्षांनी फ्रान्समधल्या गणितींच्या टोळीनी बूर्बाकी हेच नाव घेऊन पुस्तकांची रांग लावली तो भाग वेगळा. पण ज्या माणसानी तरुणपणी अस्तित्वात नसलेल्या लेखकाचं प्रमेय वाढवलं, तो तीस वर्षांनी स्वतःच अस्तित्वात नसलेला लेखक झाला, आणि मी शॅम्पूत त्याला शोधत बसलो.

व्हायाफ या साइटबद्दल पण लिहितो, कारण इथे बरेच जण फसतील. जगभरच्या मोठ्या लायब्रऱ्यांनी एकेका लेखकाची जी नावं नोंदवलीत ती एकत्र करून दाखवते. दामोदर धर्मानंद कोसंबी म्हणजे डी. डी. त्यांचे वडील पालीचे पंडित, धर्मानंद दामोदर कोसंबी, म्हणजे तेही डी. डी.! आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला द्यायची पद्धत, वडिलांचं नाव मध्ये लावायची पद्धत, त्यामुळे बापलेकांची इनिशियल्स एकच. नुसतं इनिशियल टाकून शोधलं तर बौद्ध धर्म आणि भूमिती एकाच माणसानी लिहिल्यासारखं दिसतं. अशा वेळी जन्मसालं बघायची, वडील १८७६, मुलगा १९०७. मराठी लेखक शोधताना पूर्ण नाव, इनिशियल, आणि देवनागरीतलं नाव असं तिन्ही टाकायचंच. लेखिका असेल तर माहेरचं आडनाव पण. पुस्तकवाल्यांसाठी चार स्टार, ज्यांचे फक्त पेपर आहेत त्यांच्यासाठी दोन, कारण लायब्ररी पुस्तकाची नोंद करते, पेपरची नाही.

पैसे घेऊन पेपर देणाऱ्या एका साइटवर पण गेलो होतो, दर बघून परत आलो. नंतर कळलं बंगळूरच्या अकॅडमीच्या साइटवर त्यांचे जुने अंक फुकटच आहेत, स्कॅन केलेले. तो १९६४ चा पेपर पाच-सहा पानांचा निघाला, मला त्यातलं कळलं फक्त नाव. भाचीला कळला, ती खुश.

तर हिशोब असा: झेडबीमॅथ पाच स्टार, अकॅडमीचे जुने अंक पाच स्टार, बाकीचे वर दिलेत. आणि ते स्प्रिंगरचं पुस्तक विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, महाग आहे, आधी मोठ्या लायब्ररीत विचारा. मला जिथे मिळालं तिथे बाहेरच्या माणसाला एका दिवसासाठी बसू देतात, आयडी प्रूफ लागतं, आणि काउंटरवरच्या बाईंना पुस्तकाचं नाव लिहून द्या, तोंडी सांगितलं तर त्या इतिहासाच्या कपाटाकडे पाठवतात. मला दोनदा पाठवलं. झेरॉक्सवाला एक ते अडीच बंद असतो.