विक्रीतल्या आत्मविश्वासाच्या सवयी: सात-आठ महिने वापरल्यावर काय टिकलं

गेल्या आठवड्यात मेसेज आला, 'आपली मुदत संपत आहे, नूतनीकरणासाठी 2,400 रुपये भरा.' विक्री प्रतिनिधींना रोजच्या सवयी लावून देणारा हा ऑनलाइन वर्ग मी दिवाळीनंतर घेतला होता. असे वर्ग बहुतेकांनी पाहिलेत, त्यामुळे आत काय असतं ते सांगत बसत नाही. माझी तक्रार साधी आहे. ज्या सवयीने माझं काम खरोखर बदललं, ती या वर्गात नव्हतीच, आणि पैसे मात्र त्यांना पुन्हा हवेत.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे टॉवेल विकतो. सोलापूर शहरात चाटी गल्ली, नवी पेठ या बाजारपेठा. बाहेर तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोटचे लॉज आणि भक्तनिवास. मधूनमधून विजापूर, गुलबर्गा.

सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी आहे' म्हणायचं, ही वर्गाची पहिली सवय. महिनाभर केली, सोडली. दुकानात पाय ठेवल्यावर शेठ विचारतात, "शेजारचा वीस रुपयानं कमी देतोय वो, तुमचं काय?" याचं उत्तर आरशाकडे नसतं. रोज ठरावीक नव्या लोकांना भेटायचं, हेही सोलापूरच्या उन्हाळ्यात जमत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. अकराच्या आत आणि पाचनंतर जेवढं होईल तेवढंच खरं काम.

आता मुख्य गोष्ट. मी बॅगेत स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा ठेवायला लागलो. भाव सांगायच्या आधी टॉवेल काट्यावर ठेवायचा, आकडा शेठना दिसू द्यायचा, भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. बस, एवढीच सवय.

हिशेब असा आहे. 30 बाय 60 इंची टॉवेल म्हणजे साधारण 1.16 चौरस मीटर. तो 450 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाचा असेल तर वजन 520 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. एकदा चाटी गल्लीत एका शेठनी दुसऱ्याचा टॉवेल समोर टाकला, "हा बी साडेचारशेचाच हाय की." काट्यावर ठेवला, 440 ग्रॅम. म्हणजे जेमतेम 380 जीएसएम. मी एक शब्द बोललो नाही. शेठनी दोन्ही टॉवेल हातात घेतले, पुन्हा स्वतः ठेवून बघितले, आणि मग विचारलं, "पांढरा किती डझन हाय?"

भाव सांगून गप्प बसणं ऐकायला सोपं वाटतं. पूर्वी मी भाव सांगितल्या सांगितल्या स्वतःच पुढे जोडायचो, 'पण बघू, काहीतरी कमी करू.' समोरच्याने घासाघीस सुरू करायच्या आधीच सवलत तोंडातून निघायची. काटा समोर असला की ती घाई होत नाही, कारण आकडा सगळ्यांसमोर असतो. मालाचं वजन, सुताचा नंबर (सूत किती बारीक-जाड ते), धुलाईनंतर किती आक्रसतो, हे आपल्याला तोंडपाठ असेल तर आवाज आपोआप शांत होतो. यासाठी आठवड्यातून एकदा कारखान्यात लूमजवळ उभं राहून मास्तरांशी बोलायचं. माझ्या मते वर्गातल्या सगळ्या धड्यांपेक्षा हे जास्त मोलाचं आहे.

पावसाळा लागल्यावर मात्र मत थोडं बदललं. कापूस हवेतला ओलावा धरतो. प्रमाणित हवेत, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या तापमान-दमटपणात, कापसातला ओलावा साधारण साडेआठ टक्के धरतात. मेच्या कोरड्या हवेत तो कमी भरतो, पावसात जास्त. म्हणजे तोच टॉवेल ऋतूप्रमाणे थोडा हलका-जड दिसतो. आता मी आमचा आणि समोरचा, दोन्ही टॉवेल एकाच वेळी, एकाच काट्यावर ठेवतो. नुसता आपला ठेवून छाती पुढे काढत नाही. आणि लॉजवाल्यांना वजनाचं फार सांगत नाही. रोज धुलाईला जाणाऱ्या टॉवेलला टू-प्लाय (दोन धागे एकत्र पिळलेलं) सूत किती धुलाया टिकतं, तेच त्यांना कामाचं.

रोज संध्याकाळी वही लिहायची, ही वर्गाचीच आणखी एक सवय. तिच्याबद्दल सुरुवातीला मला वाटलं होतं, ही कारकुनी आहे. ती मात्र ठेवली. मी फक्त एवढंच लिहितो: नकार कशामुळे? भाव, उधारी, रंग, की गोदामात माल शिल्लक? काही महिन्यांची पानं उलटली तर बहुतेक नकार भावाचे निघाले नाहीत, माल शिल्लक असल्याचे निघाले. मग 'नको' ऐकलं तरी मनाला लागत नाही, पुढची तारीख विचारून निघता येतं. वर्गाने दिलेल्या सवयींपैकी पैसे वसूल झाले ते हिचेच.

वसुलीची सवय मी स्वतः लावून घेतली. दुकानात शिरल्यावर आधी जुनं बिल, मग नवी ऑर्डर. आयकर कायद्यातल्या एका नियमाचा (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)) इथे मोठा आधार आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचं. उशीर झाला तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच धरला जातो. 2024-25 च्या कर निर्धारण वर्षापासून हे लागू आहे. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर बिलावर छापलेला असला की मला हात जोडून मागावं लागत नाही. "शेठ, मार्चच्या आत पैसे दिले तर तुमच्याच सीएंना सोपं पडेल," एवढं म्हटलं की पुरे.

भाषेचंही तसंच. शहराच्या पूर्व भागात गेलो की दोन वाक्यं तेलुगूत, गुलबर्ग्याकडे गेलो की कानडीत. चुकतमाकत बोललो तरी माणसं बसायला स्टूल पुढे करतात. हे कुठला वर्ग शिकवणार?

फी भरत नाही, हे ठरलं. वही घरची आहे.

काटा घ्यायचा असेल तर 5 किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा आणि वरून सपाट असलेला घ्या. घडी केलेला टॉवेल कडेने खाली लोंबला आणि टेबलाला टेकला तर आकडा चुकतो. सेल जास्तीचे ठेवा. तुळजापूरला ऐन भक्तनिवासाच्या ऑफिसात माझे संपले होते आणि समोर मालक वाट बघत होते. आणि एक सांभाळा, किलोने माल विकत असाल तर बिलासाठी वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच काटा लागतो. हा फक्त दाखवण्यापुरता.