भूतानचं प्रवेश परमिट: सेवा चोख, पण कागदपत्रांत सूट नाही

भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसा लागत नाही, प्रवेश परमिट लागतं. ते भूतानच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर आधी काढता येतं किंवा भारताच्या सीमेला लागून असलेल्या फुंत्शोलिंग शहरातल्या काउंटरवर, विमानाने गेलात तर पारोला. आमचं मत स्पष्ट आहे, ऑनलाइनच काढा. काउंटरवर कागदात खोट निघाली, तर ती दुरुस्त करायला तिथे काही हाताशी नसतं.

अर्जाला फोटो, ओळखपत्र, तारखा आणि मुक्कामाचा तपशील लागतो. ओळखपत्र म्हणून दोनच गोष्टी चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. बहुतेक लोक अडकतात ते इथेच, कारण देशांतर्गत विमानप्रवासात आधार चालतं आणि तीच सवय पुढे नेली जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विशेष जपावं. मतदार कार्डावर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, असं नको. अर्ज ज्या ओळखपत्रावर केला, तेच मूळ कार्ड सोबत ठेवा. 18 वर्षांखालच्या मुलांना पासपोर्ट किंवा जन्मदाखला लागतो. दाखला इंग्रजीत हवा, त्यामुळे ग्रामपंचायतीचा जुना, फक्त मराठीत हाताने लिहिलेला असेल तर नवीन काढून घ्या.

पैशांचा हिशेब सोपा आहे. शाश्वत विकास शुल्क, म्हणजे एसडीएफ, भारतीय प्रौढाला दर रात्री 1200 रुपये. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. नवरा-बायको आणि नऊ वर्षांचं मूल पाच रात्री राहिले तर 12000 अधिक 3000, एकूण 15000. हॉटेल, गाडी, गाइड, जेवण आणि किल्ले-मठांची तिकिटं यांत धरलेली नाहीत. शुल्क रात्रींवर आहे, दिवसांवर नाही, हे सहलीचा आराखडा करतानाच लक्षात घ्या. कार्डाने भरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करा, नाहीतर पेमेंट तिथेच फसतं.

स्वतःची गाडी न्यायचा मोह टाळा. सप्टेंबर 2022 मध्ये पर्यटन पुन्हा सुरू झालं तेव्हा भारतीय पर्यटकांच्या गाडीवर दिवसाला 4500 रुपये शुल्क लागलं. पाच दिवसांचे साडेबावीस हजार. एवढ्यात भूतानची टॅक्सी नक्की परवडते. रेल्वेने जाणाऱ्यांनी हासीमाराला उतरून जयगावमार्गे फुंत्शोलिंग गाठावं. भूतानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, म्हणजे काउंटरही आपल्या घड्याळाने अर्धा तास लवकर बंद होतं. त्यांच्या सरकारी सुट्ट्याही पाहून ठेवा, 17 डिसेंबर हा राष्ट्रीय दिन त्यातलाच.

कुटुंबात कुणाकडे अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर हिशेब पार बदलतो. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा इथे काही उपयोग नाही. त्यांना व्हिसा घ्यावा लागतो, त्याचे 40 डॉलर परत मिळत नाहीत. एसडीएफ दर रात्री 100 डॉलर. हा दर सप्टेंबर 2023 मध्ये 200 वरून खाली आणला आणि 31 ऑगस्ट 2027 पर्यंत जाहीर आहे. अशा नातेवाइकांचा अर्ज वेगळा भरा आणि तो मंजूर झाल्यावरच सगळ्यांची तिकिटं काढा.