हिवाळ्यात मोटरबोट पाण्यातच ठेवायची की बाहेर काढायची?

दोन्ही चालतं, पण तुमच्याकडे पाणी गोठतं का ते आधी बघा, कारण गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिनात उरलेलं पाणी थेट ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या भागाला, तडा देतं, म्हणजे बोट कुठेही ठेवा, ते पाणी काढून अँटीफ्रीझ (सहजी न गोठणारं द्रव) भरणं आलंच. पाण्यात ठेवली तर क्रेनचा खर्च वाचतो, एखाद्या छान दिवशी मनात आलं की फेरी मारता येते. पण मग जीव टांगणीला! बॅटरी उतरली की बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) बंद, दोर घासून तुटतात, आणि बर्फ साचून बोट खाली दबली तर एरवी पाण्याच्या वर असणारी भोकं पाण्याखाली जातात आणि बोट धक्क्याला बांधलेलीच बुडते, म्हणून दर आठवड्याला बोट बघायला चक्कर मारायलाच हवी आणि सीकॉक (बोटीच्या पाण्याखालच्या भोकांचे व्हॉल्व्ह) बंद हवेत.

बाहेर काढली की ही भीती संपली, तळ सुकतो, झिंक अ‍ॅनोड (बाकीचा धातू गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे), प्रोपेलर निवांत तपासता येतात. फक्त टेकू नीट लावा आणि ड्रेन प्लग (पाणी वाहून जाण्याच्या भोकाचं बूच) काढून ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी आतच साचतं. बर्फ पडत असेल तिथे मी तरी बाहेरच काढेन.