गाईडातली सिंधू आणि नाटकातली सिंधू

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की जळगाव, धुळे, अमळनेर, नंदुरबारच्या पुस्तकांच्या दुकानांत बी.ए. मराठीच्या गाईडांचे गठ्ठे येऊन पडतात. त्यांतल्याच एका गाईडाचं हे परीक्षण. प्रकाशनाचं नाव देत नाही, कारण याच साच्यातली आणखी चार-पाच गाईडं शेजारच्याच फळीवर असतात आणि त्यांतल्या चुकाही एकमेकींच्या बहिणी आहेत. २०८ पानं, डेमी आकार, किंमत १८० रुपये, दुकानदार दहा टक्के सोडतो. अभिजात मराठी साहित्यकृतींतल्या व्यक्तिरेखा आणि आशयसूत्रं ‘सोप्या भाषेत’ उलगडून देण्याचं आश्वासन मुखपृष्ठावर आहे.

आधी जमेची बाजू. प्रत्येक कृतीचं कथानक दीड-दोन पानांत नीट दिलं आहे, घटनांचा क्रम बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या पात्रांची नाती एका तक्त्यात मांडली आहेत. माहेर, सासर, मुंबईचं बिऱ्हाड अशी माणसांची गर्दी असलेल्या त्या कादंबरीत पहिल्यांदाच शिरणाऱ्याला हा तक्ता खरोखर उपयोगी पडतो. संभाव्य प्रश्नांची यादीही ठीक आहे.

अडचण सुरू होते ती ‘व्यक्तिरेखा स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या उत्तरापासून. गाईडाची पद्धत ठरलेली: पात्राचं नाव, त्याखाली सहा-सात विशेषणं, आणि प्रत्येक विशेषणाखाली चार ओळी. ‘एकच प्याला’ नाटकातली सिंधू पतिव्रता, सोशिक, स्वाभिमानी, त्यागी. श्यामची आई मायाळू, शिस्तप्रिय, सोशिक, त्यागी. ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांची बायको कावेरी समजूतदार, सोशिक, त्यागी. तिन्ही उत्तरं शेजारी ठेवून नावं झाकली तर कोणतं उत्तर कुणाचं हे ओळखता येत नाही. विशेषणांची यादी हे स्वभाववर्णन झालं. व्यक्तिरेखेचं विश्लेषण सुरू होतं ते पात्र काय निवडतं, कोणत्या क्षणी निवडतं आणि त्यासाठी काय गमावतं या प्रश्नांपासून.

‘एकच प्याला’चंच बघा. गाईडात सिंधूच्या वाट्याला आठ पानं आली आहेत आणि त्या आठही पानांत ती फक्त सहन करते. नाटकातली सिंधू मात्र एकामागून एक निर्णय घेते. माहेरची श्रीमंती हाताशी असून तिकडचा पैसा नाकारते, दळण दळून घर चालवते, आणि शेवटच्या अंकात मरता मरता नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. खरेपणाचा पुतळा म्हणून उभी केलेली ही बाई अखेरच्या घटकेला एक खोटं निवडते. तिच्या व्यक्तिरेखेची किल्ली तिथे आहे आणि गाईडात त्या प्रसंगाला एक वाक्य मिळालं आहे. ‘सोशिक’ या शब्दावर थांबलं की हा निर्णय दिसतच नाही. तो दिसला तर पुढचा अवघड प्रश्न उभा राहतो: नाटक या निर्णयाचा गौरव करतं, पण आजच्या वाचकाने तो तसाच स्वीकारायचा का? चांगल्या उत्तराची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी.

तिचा नवरा सुधाकर याच्या बाबतीतही तसंच. गाईडाच्या मते तो ‘बुद्धिमान पण व्यसनी’. व्यसन हा परिणाम आहे. कोर्टात झालेला अपमान आणि वकिलीच्या सनदीवर आलेली गदा सहन न करणारा त्याचा मानी स्वभाव, हे कारण. दारू सोडायचं ठरवूनही तो परत घसरतो, कारण समाजात पुन्हा खाली मान घालून उभं राहणं त्याला पेलत नाही. ग्रीक शोकांतिकेची चर्चा करताना नायकाच्या ज्या एका घातक उणिवेबद्दल बोलतात, ती इथे हा मानीपणा आहे. तळीरामाला गाईडाने ‘विनोदी पात्र’ म्हणून तीन ओळींत उरकलं आहे. प्रेक्षक ज्याच्या युक्तिवादावर हसतो तोच माणूस सुधाकराच्या हाती पहिला प्याला देतो. विनोद हेच तिथलं गळाला लावलेलं आमिष आहे, हे सांगितल्याशिवाय तळीराम कळत नाही.

याच प्रकरणात एक वस्तुस्थितीची चूक आहे आणि ती गंभीर आहे. सिंधूच्या तोंडची पदं घेऊन नाटककार राम गणेश गडकरी यांच्याविषयी ‘गडकऱ्यांच्या काव्यप्रतिभेचा आविष्कार’ असा दीड पानी मजकूर लिहिला आहे. या नाटकातली पदं गडकऱ्यांची नव्हेत, वि. सी. गुर्जरांची आहेत. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर. गद्य संवादातली सिंधू आणि पदातली सिंधू अशा दोन हातांनी ही व्यक्तिरेखा घडली आहे, हा मुद्दा किती मोलाचा! तो हातचा गेला, वर चुकीचं श्रेयही दिलं गेलं.

‘श्यामची आई’च्या प्रकरणात आशयसूत्र म्हणून एकच शब्द आहे, मातृप्रेम. साने गुरुजींनी अमळनेरच्या हायस्कुलात शिकवलं, त्यामुळे खानदेशातल्या प्रत्येक वाचकाला हे पुस्तक घरचं वाटतं. पण घरचं पुस्तक नीट न वाचण्याचा धोका जास्त. दोन गोष्टी गाईडातून सुटल्या आहेत. पहिली, आई आपल्याला थेट दिसत नाही. आश्रमात रात्री मित्रांना गोष्ट सांगणारा मोठा झालेला श्याम तिला आठवतो आहे. प्रत्येक प्रसंग त्याच्या पश्चात्तापातून आणि भक्तीतून गाळून येतो, म्हणूनच मुलाला मारून पोहायला पाठवणारी आईसुद्धा वाचकाला कठोर वाटत नाही. दुसरी, कर्ज. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ असं एका रात्रीचं शीर्षकच आहे. घराची पडझड, सावकाराचा तगादा, अब्रू जाण्याची भीती हा धागा पुस्तकाच्या उत्तरार्धात घट्ट होत जातो. आईचं प्रेम त्या दारिद्र्यावर घासून उजळतं. दारिद्र्य वगळून मातृप्रेम लिहिलं तर शाळेतला निबंध तयार होतो.

‘नटसम्राट’ची तुलना शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी केली आहे, ती योग्यच. पण साम्यं नऊ आणि फरक शून्य! लिअरला तीन मुली, बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी. लिअरच्या नाटकात त्याची बायको नाही, इथे कावेरी आहे. बेलवलकरांचं, म्हणजे अप्पांचं, खरं कोसळणं तिच्या जाण्याशी बांधलेलं आहे. लिअरला राज्य वाटून पश्चात्ताप होतो. अप्पांचं राज्य म्हणजे रंगभूमी, आणि ती भाषा त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत सुटत नाही. तुलनेच्या उत्तरात दोन साम्यं सांगून बाकीची जागा फरकांना द्यावी, कारण लेखकाचं स्वतःचं म्हणणं फरकात सापडतं.

‘कोसला’ या कादंबरीवर सहा पानं आणि त्यांत ‘अस्तित्ववाद’ हा शब्द एकवीस वेळा. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या बोलण्यातले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांवर एक ओळही नाही. ठाम विधान करायचं आणि लगेच ते सैल करून टाकायचं, ही त्याची सवय म्हणजेच त्याचं व्यक्तिमत्त्व. धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या भागात हीच भाषा कशी चालते ते तपासलं, तर ‘अस्तित्ववाद’ हा शब्द न वापरताही उत्तर उभं राहतं. यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या नेमाड्यांच्या या नायकाचं गाव आणि पुणं यांतलं अंतर, बापाशी असलेलं त्याचं नातं, हे इथल्या विद्यार्थ्याला आयतं कळतं. गाईड त्याला विचारतच नाही.

सर्वांत जास्त राग येतो तो बहिणाबाईंच्या प्रकरणाचा. पुस्तक खानदेशात विकलं जातं, विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाचं, आणि ‘मन वढाय वढाय’ या कवितेच्या शब्दार्थाच्या यादीत ‘वढाय – ओढ लागलेले’ असं छापलंय. वढाय म्हणजे ओढाळ. पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या शेतात शिरणारं, ज्याच्या गळ्यात लोढणं अडकवावं लागतं ते ढोर. मनाला ओढ लागते ही कल्पना गोड आहे, पण बहिणाबाईंचं म्हणणं त्याहून खरखरीत आहे: हाकललं तरी मन त्याच उभ्या पिकावर परत येतं, आणि नुकसान करतं. शब्दार्थ चुकला तर कवितेचं आशयसूत्रच फिरतं. गंमत म्हणजे त्याच यादीत चार ओळी खाली ‘आभाय – आभाळ’ बरोबर दिलं आहे. या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. आभाळचं आभाय, चपळचं चपय, तसंच ओढाळचं वढाय. हा एक नियम प्रकरणाच्या डोक्यावर छापला असता तर अर्धी यादी लागलीच नसती. सुगरणीच्या घरट्यावरच्या ‘खोपा’ या कवितेबद्दलही थोडं हवं होतं. सुगरण पक्ष्यांत घरटं नर विणतो, कवितेत मात्र ते पिलासाठी झटणाऱ्या आईचं काम आहे. कवयित्रीने पक्ष्यात कुणाला पाहिलं हे इथे लख्ख दिसतं, आणि कवितेतल्या ‘मी’चं विश्लेषण करायला यापेक्षा चांगली जागा नाही.

बांधणीविषयी थोडक्यात. नुसत्या गोंदाची बांधणी आहे, शिलाई नाही. चोपडा-यावलहून रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्यांच्या बॅगेत आणि एप्रिल-मेच्या उन्हात तो गोंद सैल पडतो, मग मधली पानं सुटतात. विकत घेताना १६-१६ पानांचे फर्मे चाळून बघा. एखादा फर्मा दोनदा आणि एखादा गायब, असं अशा पुस्तकांत होतं.

मग घ्यावं का? तक्ता, कथानकं आणि प्रश्नयादीसाठी १८० रुपये परवडत असतील तर घ्या, पण मूळ पुस्तकाच्या आधी उघडू नका. जळगावच्या व. वा. वाचनालयातून किंवा तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातून मूळ प्रत आणा. पहिलं वाचन सलग करा, हातात पेन नको. दुसऱ्या वाचनाला वहीत चार रकाने आखा: प्रसंग आणि पान क्रमांक, पात्राने काय केलं, त्याच्याबद्दल हे कोण सांगतंय, आणि या प्रसंगानंतर काय बदललं. एका पात्रासाठी दहा-बारा नोंदी पुष्कळ होतात. त्यांतल्या एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन नोंदी शोधा. उत्तराचा मुख्य मुद्दा बहुधा त्यांच्यामध्ये असतो, जसा सिंधूच्या खरेपणात आणि तिच्या शेवटच्या खोट्यात. तिसरा रकाना कंटाळून रिकामा सोडला जातो, आणि मग निवेदकाचं मत लेखकाचं मत म्हणून उत्तरपत्रिकेत उतरतं. चारशे शब्दांच्या उत्तराला तीन प्रसंग पुरतात, सात कोंबले की प्रत्येकाचा नुसता उल्लेख उरतो. हे झाल्यावर गाईड उघडून आपल्या नोंदींशी ताडून बघा.

आणि घेतलंच, तर बहिणाबाईंच्या शब्दार्थाचं पान आधी उघडा आणि पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवा: वढाय – ओढाळ. बाकीचे शब्द दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त शोधण्याआधी बहिणाबाईंच्या मुलखातल्या, असोदा-भादलीकडच्या एखाद्या आजीला विचारून बघा.