चाकूरकर साहेब, सात टर्मच्या खासदारकीचा रिव्ह्यू

हॉटेलला, मोबाईलला, अगदी चहाच्या गाळणीला पण आपण स्टार देतो, मग खासदाराला का नको, ती पण सर्व्हिसच आहे की, बिल आपणच भरतो. तर आमचे शिवराज पाटील चाकूरकर. पेशानं वकील, १९६७ ला लातूरचे नगराध्यक्ष, मग आमदार, विधानसभेचे अध्यक्ष आणि १९८० पासून १९९९ पर्यंत लोकसभेच्या सलग सात निवडणुका जिंकल्या, लातूरमधूनच.

१९९१ ते ९६ लोकसभेचे अध्यक्ष होते त्याला माझे पाचपैकी पाच. कारण १९९३ ला सुरू झालेल्या खात्यावार स्थायी समित्या. आधी काय व्हायचं, वेळ संपला की बहुतेक खात्यांच्या खर्चाच्या मागण्या चर्चा न होताच धडाधड मंजूर, आता निदान कमिटीच्या खोलीत सगळ्या पक्षांचे लोक बसून अधिकाऱ्यांना विचारतात तरी की बाबा हा पैसा कुठं जाणार. टीव्हीवर दिसत नाही म्हणून कुणाला पत्ता नसतो.

त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती रामस्वामी यांना हटवायचा ठराव आला, त्यांची बाजू मांडायला कपिल सिब्बल थेट लोकसभेत उभे, म्हणजे बोलणारा वकील आणि खुर्चीवरचा पण वकील. मतदान काय झालं बघा, बाजूने १९६, विरोधात शून्य, तरी ठराव पडला, कारण काँग्रेस आणि मित्रपक्षांच्या २०५ जणांनी मतच दिलं नाही आणि अशा ठरावाला एकूण खासदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. शून्य विरोधात पडणं, कमालच आहे.

२००४ ला लातूरकरांनी रिचार्ज मारला नाही, रूपाताई पाटील निलंगेकर आल्या. आणि दिल्लीनं काय करावं, थेट गृहमंत्री केलं आणि मग राज्यसभेवर घेतलं! इथं दोन स्टार, ते पण सभ्यपणाचे. सप्टेंबर २००८ च्या दिल्ली स्फोटांच्या रात्री कपडे किती वेळा बदलले यावर चॅनलवाल्यांनी जी टिंगल केली ती मला उथळच वाटते, पण अध्यक्षाच्या खुर्चीत जो थंडपणा शोभून दिसायचा तोच गृहखात्यात लोकांना खटकायला लागला, हे खरंय. २६/११ नंतर ३० नोव्हेंबरला राजीनामा.

पुढं २०१० ते २०१५ पंजाबचे राज्यपाल. त्याला स्टार किती द्यायचे सुचत नाही, राज्यपालाच्या सर्व्हिसचं गिऱ्हाईक नक्की कोण असतं?