लग्नाआधीचा चर्चचा कोर्स: साडेतीन स्टार, त्यातला एक फक्त फादरांच्या केबिनला

आधीच सांगते, मी गोव्यातल्या फोंड्याची, हिंदू, घरी मराठी, आणि होणारा नवरा बार्देशातला कॅथलिक. म्हणजे हा कोर्स काही मी हौसेने लावलेला नाही. चर्चमध्ये लग्न करायचं तर सर्टिफिकेट लागतं आणि सर्टिफिकेट पाहिजे तर शनिवार-रविवार सकाळी नऊ ते पाच बसायचं, कारणं चालत नाहीत. आणि पहिल्याच सेशनला पहिलं वाक्य काय, तर 'प्रेमात सक्ती नसते'. तेव्हाच हजेरीचा कागद रांगेतून फिरत होता. आम्ही दोघं जे हसलो ते पुढच्या कपलने मागे वळून बघितलं.

हॉलचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत. माइक पाच मिनिटं चालायचा, दहा मिनिटं खरखरायचा, पंखे इतके जुने की ते सुरू तर बोलणं ऐकू येत नाही आणि बंद तर घामाने फॉर्म भिजतोय. पार्किंग शून्य. जेवण फीमध्ये धरलेलं, शनिवारचं शाकुती-पाव मस्त, पण व्हेजवाल्यांना दोन्ही दिवस तीच बटाट्याची भाजी. भाषा कोंकणी-इंग्लिश मिक्स, गोव्यातल्या मराठीवाल्यांना काही अडत नाही. पैशांचं नियोजन, डॉक्टरबाईंचं सेशन, सासू-सुनेवरचे जोक, हे ठीकठाक, कुठेही ऐकायला मिळेल असं.

पैसे वसूल झाले ते फादरांच्या दुपारच्या सेशनला. विषय इच्छास्वातंत्र्य. मला वाटलं आता झोप येणार. पण त्यांनी आदम-एवा, सफरचंद वगैरे दोन मिनिटांत उरकलं (बायबलमध्ये सफरचंद म्हटलेलंच नाही, नुसतं फळ आहे, हे मला तिथे कळलं) आणि मार्कच्या शुभवर्तमानातली ती श्रीमंत माणसाची गोष्ट घेतली. तो येशूकडे धावत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनासाठी काय करू विचारतो, येशू त्याच्याकडे बघतो, तिथे स्पष्ट लिहिलंय की त्याच्यावर प्रीती केली, आणि म्हणतो सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. माणूस खिन्न होऊन निघून जातो. फादर म्हणाले, आता बघा, येशू त्याच्यामागे धावत नाही, हात धरत नाही, 'बरं निम्मं विक' असंही म्हणत नाही. जाऊ देतो. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या हो ला किंमत काय, हा त्यांचा मुद्दा, आणि प्रेम म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं अशी इच्छा धरणं ही मध्ययुगातल्या चर्चच्या मोठ्या पंडिताची, थॉमस अक्वायनसची व्याख्या त्यांनी फळ्यावर लिहून दिली. म्हणजे आधी इच्छा, मग पोटातली फुलपाखरं. हे मला पटलं.

प्रश्नोत्तरं मात्र अर्धवट. एका मुलाने विचारलं, देवाला आधीच सगळं ठाऊक असेल तर मी निवडलं काय नि न निवडलं काय. फादर म्हणाले, टेकडीवरून तुला खाली बस वळताना दिसते म्हणून ती तू चालवत नाहीस. चांगलंय, पण टेकडी आणि बस दोन्ही त्याचीच ना! मग त्यांनी कबूल केलं की हे भांडण मिटलेलं नाही, 1524 मध्ये इरॅस्मस या कॅथलिक विद्वानाने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं, 1525 मध्ये प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या लूथरने त्याला सणसणीत उलट उत्तर दिलं, आणि चर्चेस अजून एकमेकांशी सहमत नाहीत. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं की माणूस वाईट वागतो ते इच्छास्वातंत्र्यामुळे, ठीक, पण पुरात माणसं मरतात ते कुणाच्या. त्यावर फादर गप्प राहिले, मग म्हणाले चहा घेऊया.

मीही हात वर केला. म्हटलं, फादर, आमच्याकडचा मंगेश देव 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला न्यावा लागला, त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, आलं ते 1812 पर्यंत होतं, तेव्हा सक्ती नसते हे वाक्य कुठे होतं? हॉल एकदम शांत. आमच्या साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. फादरांनी सारवासारव केली नाही, 'तें सत्त' म्हणाले, आणि सांगितलं की श्रद्धेची सक्ती कुणावर करता येणार नाही हे दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये लिहून ठेवलंय आणि 12 मार्च 2000 ला पोपनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जबरदस्तीबद्दल जाहीर क्षमा मागितली. उशीरच झाला म्हणायचा, पण उत्तर सरळ आलं म्हणून अर्धा स्टार वाढवला.

आता केबिन. कोर्स झाल्यावर पॅरिशचे, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चचे, फादर दोघांना वेगवेगळं आत बोलावतात, दार लावून. कुणाचा दबाव आहे का, पैशांसाठी, घरच्यांच्या भीतीने, असं एकेक विचारतात आणि लिहून घेतात, कारण त्यांच्या कायद्यात जबरदस्तीने दिलेली संमती म्हणजे लग्नच नाही, आणि ती संमती तुमच्याऐवजी दुसरं कुणीच देऊ शकत नाही. मला विचारलं, हे लग्न ठरवलं कुणी? आणि माझ्या तोंडावर आलं होतं, पाकळीने.

खरंच. आईने आमच्यासाठी देवळात प्रसाद लावलेला. बाहेरच्यांसाठी सांगते, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली की होकार. पाऊण तास काहीच पडेना, आई घामाघूम, आणि मग उजवी पडली. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात देवाने ठरवलं. मी काय म्हणते ते तोवर कुणी विचारलंच नव्हतं, आईने नाही, सासूने नाही, रजिस्ट्रारकडे पहिली सही केली तिथेही नाही, तिथे तर बोट दाखवून 'इथे' एवढंच. मी म्हटलं, मी ठरवलं. फादरांनी लिहिलं.

कटकटीची गोष्ट एकच. मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवायला शक्य ते सगळं करीन असं वचन कॅथलिक जोडीदाराकडून घेतात, दुसऱ्याला फक्त त्याची माहिती देतात. मी सही करायची नाही, फक्त मला माहीत आहे म्हणायचं. म्हटलं मग माझ्या स्वातंत्र्याचं काय? म्हणाले, वचन त्याचं, तुमचं नाही, तुम्ही दोघं घरी बोला. घरी बोलतोय. दोन आठवडे झाले.

जाणाऱ्यांसाठी: पाण्याची बाटली न्या, पंख्याखाली बसू नका, व्हेज असाल तर डबा न्या. आणि सर्टिफिकेट हौसेने लॅमिनेट करू नका, पॅरिश ऑफिसात ओरिजिनलच ठेवून घेतात.