मथळ्यात ‘शिंदे’ की ‘सुशीलकुमार’?

सोलापूरच्या बातमीत नुसतं ‘शिंदे’ एका कॉलमात आरामात बसतं. ‘सुशीलकुमार’ लिहिलं की बहुधा दुसरी ओळ लागते. पण २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, २०२४ मध्ये प्रणिती शिंदे सोलापूरच्या खासदार. आता एकटं आडनाव पुरत नाही. ‘शिंदे म्हणाल्या’ असेल तर क्रियापद वाचवतं. ‘शिंदे यांची टीका’ यात तीही सोय नाही. ‘माजी मुख्यमंत्री शिंदे’ तर आणखी फसवं: सुशीलकुमार २००३-०४ मध्ये त्या पदावर होते, एकनाथ २०२४ पर्यंत. जुनी कात्रणं शोधतानाही हाच घोळ. म्हणून मथळ्यात पहिलं नावच बरं. मजकुरात आधी पूर्ण नाव, मग आडनाव. जागा कमी पडली तर विशेषण कापा. नुसतं ‘सुशीलकुमार’ एकेरी वाटत असेल, तर क्रियापद आदरार्थी ठेवा.